बाया फॉर्ममध्ये सगळं "नाही" म्हणतात, फाटकाशी येऊन वेगळंच सांगतात. काय करू?

रानपाखरू: क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी करतेय, विषय ट्रॉमा (मनावरचा आघात) आणि इमोशन रेग्युलेशन (भावना कशा हाताळतो ते). यवतमाळ जिल्ह्यात मारेगाव, झरी जामणीकडच्या गावांत जाते, ज्यांच्या शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली अशा बायकांशी बोलते. फॉर्म दोन: आघाताची लक्षणं विचारणाऱ्या पीसीएल-५ चे २० प्रश्न आणि भावना हाताळायच्या सवयी विचारणाऱ्या ईआरक्यूचे १०. ट्रॉमाच्या प्रश्नांना बहुतेक "काहीच नाही ताई", आणि भावना दाबण्याचे जे ४ प्रश्न आहेत तिथे फुल मार्क. गाईड म्हणतात सप्रेशन (भावना दाबणं) जास्त असं लिहून मोकळी हो. पण त्याच बाई फाटकापर्यंत सोडायला येतात आणि सांगतात की फवारणीच्या औषधाचा वास आला की अजून पोटात ढवळतं. हे कुठे लिहू?

आशाताई_वणी: बोलताना बाजूला कोण बसते ते आधी सांगा. सासू, नाहीतर दीर, हो ना? दुसरं म्हणजे शेतकरी आत्महत्येनंतर घरच्यांना मिळणारी सरकारची १ लाखाची मदत. केस पात्र की अपात्र ते कर्ज, नापिकी बघून ठरते, त्यामुळे कागद-पेन घेऊन कोणीबी आलं की घरच्यांना चौकशीच वाटते, मग भांडण नव्हतं, दारू नव्हती, सगळं ठीक होतं असंच सांगणार ना. तुमचा फॉर्म त्यांना तलाठ्याचाच वाटतो.

जुनाविद्यार्थी: ताईंचं बरोबर. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉसच्या १९९८ च्या इमोशन रेग्युलेशनच्या मॉडेलमध्ये सप्रेशन म्हणजे भावना उठल्यावर ती चेहऱ्यावर दिसू न देणं. ईआरक्यू फक्त सवय विचारतो, कोणासमोर दाबता ते विचारत नाही, आणि लेकरांसमोर, दिरासमोर न रडणं हा आजारच असेल असं नाही. कुठे दाबते आणि कुठे बोलते हेच तुझं खरं मटेरियल, ते नोंदीत वेगळं लिही, स्कोअरला हात लावू नको. पण फाटकाजवळचं बोलणं मुलाखतीबाहेरचं आहे, वापरायचं तर तिला पुन्हा विचारून संमती घे. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला होता, गावातलेच लोक कामाला लावले, १८ महिन्यांत डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तूही ओळखीच्या बाईला सोबत ने.

ढेकळातला: माया घरचीच गोष्ट हाय म्हणून लिवतो. तुमी इचारून जाता अन् मंग थे बाई रातभर जागी रायते, त्याचं काय? टेलीमानसचा, म्हंजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, १४४१६ नंबर लिहून देत जा, मराठीत बोलतात थे, अन् दुसऱ्या दिवशी फोन करून पाहा. कापूस वेचणीत येऊ नका, तवा कोणाले टाईम नसते. अन् सासूले उठवून बाहेर नका पाठवू, तिचा पोरगा गेला हाय, तिलेबी इचारा ना काही.

रानपाखरू: सासू माझ्या निकषातच बसत नाही, फक्त पत्नी आहे. एथिक्स कमिटीकडे बदल मागावा लागेल, गाईड वैतागणार. वेचणी होईपर्यंत तेच करते.