एनआयव्ही सैतानाची, मग माझ्या भाचीने काय वाचायचं?

नगरचा वाचक

गेल्या आठवड्यात आपल्या मंडळीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. मजकूर थोडक्यात असा: एनआयव्ही या पवित्र शास्त्राच्या नव्या इंग्रजी भाषांतरातून ६४ हजार शब्द काढून टाकलेत. मत्तय १७:२१ उघडा, वचन गायब. प्रेषितांची कृत्ये ८:३७ उघडा, तेही गायब. इंग्रजीत देवाचं शुद्ध वचन एकच, १६११ चं जुनं भाषांतर, किंग जेम्स. बाकीच्या प्रती सैतानाच्या, घरात ठेवू नका. खाली आमेनांची रांग.

माझी भाची दहावीत आहे. मंडळीत दृढीकरणाचा विधी झाला तेव्हा तिला एनआयव्ही भेट मिळाली होती, रोज रात्री एक अध्याय वाचायची. ही पोस्ट वाचून पोरीने ती प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि मला फोन करून विचारलं, "मामा, मी इतके दिवस चुकीचं वाचत होते का? देव रागावला असेल?" म्हणून लिहितोय, आणि चिडून लिहितोय.

जी १६११ ची म्हणून हातात धरता ती बहुतेक वेळा १७६९ साली ऑक्सफर्डला सुधारलेली आवृत्ती असते. मूळ १६११ च्या प्रतीत जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये अपॉक्रिफा म्हणतात ती जास्तीची पुस्तकंही होती. ती आज तुमच्या प्रतीत नाहीत, मग ती कोणी काढली? १६३१ च्या एका छपाईत सातव्या आज्ञेतला नकारच गळला आणि 'तू व्यभिचार कर' असं छापलं गेलं. छापणाऱ्यांना ३०० पौंड दंड झाला. देवाने वचन राखलं यावर माझाही विश्वास आहे, पण त्याने ते एका छापखान्याच्या स्वाधीन केलं असं मला कुठे दिसत नाही.

आणि खुद्द किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी प्रस्तावनेत काय लिहिलंय? साध्यातलं साधं इंग्रजी भाषांतरही देवाचंच वचन आहे. राजाचं भाषण दुसऱ्या भाषेत नेलं तरी ते राजाचंच भाषण राहतं. हे ज्यांनी लिहिलं त्यांच्याच नावाने इतरांच्या प्रती माळ्यावर टाकायला लावता?

जुनी वाट

ती पोस्ट मी पुढे पाठवली होती. 'सैतान' हा शब्द माझा नाही, पण पाठवली मीच, तेव्हा उत्तरही मीच देतो.

माझी आई नर्स होती. शिकत असताना मेट्रनबाईंनी तिला काळ्या पुठ्ठ्याची किंग जेम्स दिली, ती तिने शेवटपर्यंत वापरली. वडील प्यायचे. आई दर शुक्रवारी उपास करायची, पाणीसुद्धा संध्याकाळी. अकरा वर्षं. तिचं आधारवचन मत्तय १७:२१, प्रार्थना आणि उपास याशिवाय ही जात निघत नाही. ज्या दिवशी वडिलांनी बाटली सोडली, ती तारीख तिने त्या वचनाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवली. अजून दिसते.

ती गेल्यावर घरच्या प्रार्थनेत तिचं वचन वाचायला उभा राहिलो. पुस्तक आतल्या खोलीत होतं म्हणून मोबाईल उघडला, त्यात एनआयव्ही. २० नंतर थेट २२. सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी स्क्रीनवर बोट फिरवतोय. त्या दिवशी मला काय वाटलं ते तुम्हाला कळणार नाही. तुमचे छापखाने आणि दंड तुमच्याजवळ ठेवा. माझ्या आईचं वचन कोणी आणि का काढलं, एवढं सांगा.

ग्रीक शिकणारा

दादा, तुमच्या आईबद्दल आदर ठेवूनच सांगतो. काढलं नाही. सिनाय आणि व्हॅटिकन ही चौथ्या शतकातली हस्तलिखितं, त्यांत मत्तयात ते वचन नाही. मार्क ९:२९ मध्ये तसंच वाक्य आहे, तिथून नकलाकारांनी मत्तयात आणलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. एनआयव्हीने त्याची नोंद तळटीपेत दिलीय. क्रमांकाच्या जागी बारीक अक्षर असतं, त्यावर बोट ठेवलं की उघडतं. आणि उपास पुसायचा असता तर मत्तय ६:१६ आणि प्रेषितांची कृत्ये १३ मधले उपास कसे राहिले?

किंग जेम्सच्या मागे जी ग्रीक संहिता आहे तिची सुरुवात एरास्मस या विद्वानाच्या १५१६ च्या छापील आवृत्तीपासून होते. त्याच्याजवळ मोजकीच आणि बरीच उशिराची हस्तलिखितं होती. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाचं तर एकच, आणि त्याचं शेवटचं पान नव्हतं. मग त्याने शेवटची वचनं लॅटिनमधून उलट ग्रीकमध्ये नेली. म्हणून किंग जेम्समध्ये प्रकटीकरण २२:१९ ला 'जीवनाचं पुस्तक' आहे, ग्रीक हस्तलिखितांत 'जीवनाचं झाड'. शब्द काढू नका असं बजावणारं जे वचन तुम्ही आमच्यावर रोखता, त्याच वचनातला शब्द बदललेला आहे.

१ योहान ५:७ मधला पिता, वचन आणि पवित्र आत्मा हे तिघे साक्ष देतात हा भाग एरास्मसच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत नव्हता. १५२२ च्या तिसरीत आला.

जुनी वाट

एरास्मसची गोष्ट सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात. त्याच्यानंतर त्या ग्रीक संहितेचे संपादक स्टेफानस झाला, बेझा झाला, किंग जेम्सवाल्यांनी मुख्यतः बेझा वापरला. ग्रीक नव्या कराराची पाच हजारांवर हस्तलिखितं आहेत, त्यांतली बहुसंख्य माझ्या आईच्या बाजूने. तुमची सिनाय आणि व्हॅटिकन शुभवर्तमानांत एकमेकांशीच हजारो ठिकाणी जुळत नाहीत. दोन साक्षीदार आपसांत भांडतायत आणि तुम्ही म्हणता, वय जास्त म्हणून यांचंच खरं. पंधराशे वर्षं मंडळीने जे वाचलं ते चूक आणि १८४४ नंतर एका मठात जे सापडलं ते बरोबर? मग मधल्या पिढ्यांना देवाने वाऱ्यावर सोडलं होतं का?

ग्रीक शिकणारा

बहुसंख्य तुमच्या बाजूने आहेत, हे मान्य. पण शंभर नकला एकाच चुकीच्या प्रतीवरून झाल्या तर शंभर साक्षीदार होत नाहीत, एकच होतो. आणि १ योहान ५:७ च्या बाबतीत तीच बहुसंख्य तुमच्या विरोधात आहे. तिथे बहुसंख्य का चालत नाहीत?

जुनी हस्तलिखितं देतातही. १ योहान २:२३ चा दुसरा अर्धा भाग, पुत्राला कबूल करतो त्याला पिताही लाभतो, किंग जेम्समध्ये तिरक्या अक्षरांत आहे, म्हणजे भाषांतरकारांना खात्री नव्हती. नव्या भाषांतरांत तो सरळ, पूर्ण आहे. तीत २:१३ मध्ये येशूला 'आपला महान देव व तारणारा' म्हटलंय हे किंग जेम्सपेक्षा एनआयव्हीत स्वच्छ दिसतं. प्रभूचं देवपण कमी करायला निघालेले लोक असं करतील?

वसईची लेक

मी कॅथलिक, त्यामुळे बाहेरची समजा. पण 'गायब' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. 'कारण राज्य, पराक्रम व गौरव तुझी आहेत' ही ओळ आम्ही 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना शेवटी जोडत नाही. शाळेत माझी प्रॉटेस्टंट मैत्रीण म्हणायची, तुम्ही प्रभूची प्रार्थना कापली. दहा वर्षांची होते, रडत घरी आले होते. पुढे कळलं की जुन्या हस्तलिखितांत मत्तय ६:१३ ला ती ओळ नाही. म्हणजे मी काही कापलं नव्हतं.

आणि पुस्तकांचं बोलायचं तर तुमची ६६, आमची ७३. नगरचे दादा स्वतःच म्हणाले की १६११ च्या प्रतीत जास्तीची होती. एका वचनासाठी एवढं रडता, अख्ख्या पुस्तकांचं काय? आमच्याकडे इंग्रजी मिस्साच्या वाचनांना २०२० पासून ईएसव्ही या इंग्रजी भाषांतराची कॅथलिक आवृत्ती वापरतात. मूळ प्रॉटेस्टंटांचं भाषांतर. आम्ही घेतलं, कोणी माळ्यावर टाकलं नाही.

जुनी वाट

ताई, मॅकाबीसारख्या त्या जास्तीच्या पुस्तकांचा वाद इथे आणू नका. ती हिब्रू शास्त्रात नव्हतीच. विषय बदलायचा असेल तर नवा धागा काढा.

वसईची लेक

विषय मी बदलला? 'काढलं' हा विषय तुमचाच होता.

टेक्सासची मावशी

मी मूळची मिरजेची, आता तीस वर्षं टेक्सासात. इथे आम्ही आधी जात होतो ती मंडळी फक्त किंग जेम्सवाली. माणसं प्रेमळ, आजारपणात दारात जेवण आणून ठेवणारी. पण माझा मुलगा सात वर्षांचा असताना 'सफर द लिटल चिल्ड्रन' हे वचन त्याला पाठ करायला दिलं. रात्री मला विचारतो, "आई, येशूला मुलांना त्रास का द्यायचाय?" त्या इंग्रजीत सफर म्हणजे येऊ द्या. लेट म्हणजे अडवणे, प्रिव्हेंट म्हणजे आधी जाणे, कॉन्व्हर्सेशन म्हणजे वागणूक. शब्द ओळखीचे, अर्थ उलटे. अनोळखी शब्द असता तर पोराने निदान विचारलं तरी असतं. मी शिक्षिकेला सांगितलं तर म्हणाली, मुलांना जुनी भाषा शिकवा, वचन खाली आणू नका.

तो सैतानाचा आरोप तर फारच लागला. १९५२ साली आरएसव्ही या इंग्रजी भाषांतरात यशया ७:१४ ला 'कुमारी'ऐवजी 'तरुणी' आलं म्हणून उत्तर कॅरोलायनात एका पाद्रीने ते पान जाळलं होतं. त्याच आरएसव्हीवर ज्यांचा विश्वास बसला नाही त्या सुवार्तिक लोकांनी पुढे एनआयव्ही केली, १९७८ ला पूर्ण. तिच्यात त्या जागी 'कुमारी'च आहे.

तरी एक कबूल करते. प्रार्थनेत 'दाऊ', 'दी' ऐकलं की अंगावर काटा येतो. तो आदर नव्या भाषेत नाही.

दापोडीकर

मावशी, इथेच गफलत होते. 'दाऊ' आदराचं नाहीच, ते आपलं 'तू' आहे. किंग जेम्सच्या आधीचा इंग्रजी भाषांतरकार टिंडेल, ज्याला १५३६ साली गळा आवळून मारून जाळलं, त्याने 'दाऊ' लिहिलं ते एकवचन म्हणून. आदराचं वाटायला लागलं ते बोलण्यातून गेल्यावर.

आणि आदराचं निघालंच आहे तर माझं वर्षानुवर्षांचं दुखणं सांगतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'येशू म्हणाला', 'तो गेला'. मंडळीत आमच्या पाळकांना 'साहेब आले', 'साहेब म्हणाले'. म्हणजे सेवकाला अहोजाहो आणि धन्याला अरेतुरे? एकदा कमिटीत बोललो तर बोलूच दिलं नाही. इंग्रजांच्या भाषांतरावर इतकं रक्त आटवता, आपल्या घरातलं कोण बघणार?

नगरचा वाचक

दापोडीकर, मनापासून असहमत. तुकोबांनी विठ्ठलाला 'तू' म्हटलं तो अनादर झाला का? आईला आपण 'अगं' म्हणतो. 'तुझे राज्य येवो' च्या जागी 'आपले राज्य येवो' म्हणून बघा, अर्ज केल्यासारखं वाटतं.

दापोडीकर

आईला 'अगं', पण बापाला 'अहो'! माझ्या घरी तरी. आणि विठ्ठलाशी बोलणं वेगळं, विठ्ठलाविषयी लिहिणं वेगळं. प्रार्थनेत 'तू' राहू दे, मी हात लावायला सांगत नाही. कथनात 'म्हणाले' करा. शेजारचे हिंदू मित्र आमचं शास्त्र वाचतात आणि विचारतात, तुमच्या देवाला तुम्ही मान का देत नाही? काय उत्तर देऊ?

ग्रीक शिकणारा

ग्रीकमध्ये दुष्ट राजा हिरोदही 'तो' आणि प्रभूही 'तो'. मूळ बघायचं म्हणता ना, मूळ असं आहे.

दापोडीकर

मराठीत हिरोद आणि प्रभू एका पंगतीत बसवायचे? पुस्तकातलं ग्रीक तुम्हाला येतं, ओटीवरचं मराठी येत नाही.

वसईची लेक

एवढं तोडून बोलू नका. मुद्दा पटला तरी बोलणं पटत नाही.

जुनी वाट

'तू'वरून आठवलं, ते नीट वाचा. योहान ३:७, प्रभू निकदेमाशी बोलतो. किंग जेम्समध्ये आधी 'दी', मग 'यी'. मी तुला सांगितलं की तुम्हाला नव्याने जन्मलं पाहिजे. एका माणसाशी बोलता बोलता प्रभू सगळ्यांकडे वळला. एनआयव्हीत दोन्ही जागी 'यू'. निकदेमाचा जन्म की सगळ्यांचा, इंग्रजी वाचणाऱ्याला कळणारच नाही. आईने त्या 'यी'खाली रेघ मारून 'आपण सगळे' असं मराठीत लिहिलंय. नर्सिंग शिकलेल्या बाईला जे दिसलं ते नव्या भाषांतरकारांना दाखवता आलं नाही.

ग्रीक शिकणारा

एनआयव्हीत त्यावर तळटीप आहे, ग्रीकमध्ये अनेकवचन म्हणून. पण ओळीत नाही, हे खरं. इथे किंग जेम्स सरस आहे. एवढंच मान्य करतो, १ योहान ५:७ नाही.

जुनी वाट

मी मागितलंही नाही. आणि प्रेषितांची कृत्ये १२:४ ला किंग जेम्सने वल्हांडण या यहुदी सणाच्या जागी 'ईस्टर' लिहिलंय ते कोणी काढायच्या आधी मीच सांगतो. तिथे त्यांचं चुकलं. एक शब्द.

काल आईचं पुस्तक आणि मोबाईल शेजारी ठेवून १७ वा अध्याय वाचला. ते बारीक अक्षर सापडलं. बोट ठेवलं, तळटीप उघडली. तळटीप म्हणजे घराबाहेर पडवीत बसवल्यासारखं वाटतं मला, आणि ते तसंच वाटणार. पण 'गायब' म्हणालो ते चुकलं. ग्रुपवरची पोस्ट काढून टाकली.

नगरच्या दादा, भाचीला सांगा प्रत खाली काढ. तिला एकच करायला सांगा, १७:२१ हाताने लिहून ठेव.

नगरचा वाचक

काढली. वर्तमानपत्र सोडताना मी शेजारीच बसलो होतो. २० आणि २२ च्या मध्ये जागा नाही, म्हणून तिने समासात लिहिलं, पेन्सिलीने. खाली तारीख घालू का विचारत होती. मी घाल म्हटलं.