मद्य न घेणाऱ्यालाही यकृताचा कर्करोग होतो का?

सोलापूरकर:
माझ्या ६२ वर्षांच्या वडिलांच्या यकृतात ४ सेंटिमीटरची एकच गाठ आढळली असून, हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग आणि त्यातून झालेला सिरॉसिसही (यकृतात व्रण साचून ते कडक होणे) आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तरीही भेटायला येणारे पहिला प्रश्न तोच विचारतात आणि ते मान खाली घालतात. हा आजार कशामुळे झाला असावा आणि त्यावर उपचार कोणते आहेत?

निवृत्त परिचारिका:
वडिलांनी मान खाली घालण्याचे काहीही कारण नाही, हे त्यांना माझ्या वतीने अवश्य सांगा. हिपॅटायटिस बी हे एकटेच पुरेसे कारण आहे. हा विषाणू पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून किंवा बालपणी शरीरात शिरतो आणि कोणतेही लक्षण न दाखवता अनेक वर्षे यकृतात राहतो. हिपॅटायटिस सी, मद्य, मधुमेह व लठ्ठपणासोबत येणारे फॅटी लिव्हर, तसेच बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतले अफ्लाटॉक्सिन हे विष ही अन्य कारणे आहेत. आता तातडीचे काम म्हणजे आई, तुम्ही आणि सर्व भावंडांनी एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीचा संसर्ग शोधणारी रक्ततपासणी करून घेणे. संसर्ग नसेल आणि पूर्वी लस घेतलेली नसेल, तर लस घ्यावी. संसर्ग असेल, तर २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत औषधे मोफत मिळतात.

पुण्याहून एक मुलगी:
माझ्या आईच्या आजारात आम्ही आधी गाठीच्या आकाराकडेच पाहत राहिलो, पण उपचार ठरतात ते उरलेल्या यकृताच्या ताकदीवर. ती चांगली असेल तर शस्त्रक्रियेने गाठ काढतात. सिरॉसिस वाढलेला असेल तर प्रत्यारोपणाचा विचार होतो, आणि ५ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ त्याच्या प्रचलित निकषांत बसते. याखेरीज सुईद्वारे गाठ जाळणे किंवा तिच्या रक्तवाहिनीत औषध सोडून रक्तपुरवठा तोडणे हेही मार्ग आहेत, तर पसरलेल्या आजारात गोळ्या व इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधे) देतात. त्यांपैकी सोराफेनिबचा महिन्याचा खर्च एकेकाळी सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. २०१२ मध्ये भारताने सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवण्याची मुभा) दिल्यावर तेच औषध ८,८०० रुपयांत मिळू लागले, म्हणून किमतीच्या जुन्या आकड्यांनी खचू नका. परळच्या टाटा रुग्णालयाशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेवर अहवाल पाठवून तज्ज्ञांचे दुसरे मत घेता येते. इंटरनेटवर जाहिरात होणारे यकृताचे काढे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण दुबळ्या यकृताला त्यांतले काही सोसत नाहीत.

सोलापूरकर:
दोघींचा मनापासून आभारी आहे. घरातल्या पाचही जणांची तपासणी सोमवारी करत आहोत.