मदत हवी आहे : चिवड्याच्या पाकिटांसाठी ईपीआर (प्लास्टिक पॅकेजिंगच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) नोंदणी लागते का?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला आमचा चिवडा-फरसाणाचा छोटा कारखाना आहे. उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योगाची. माल नाशिक, पुणे आणि थोडा सुरतला जातो. आता एका मोठ्या दुकान-साखळीने प्लास्टिक पॅकेजिंगचं ईपीआर प्रमाणपत्र मागितलंय, ते मिळेपर्यंत ऑर्डर बंद. एका सल्लागाराने लगेच भलीमोठी फी सांगितली, वर "नाहीतर दंड बसेल" हेही ऐकवलं!

२०२२ च्या ईपीआर मार्गदर्शक तत्त्वांत ब्रँड ओनरवरच्या (स्वतःच्या ब्रँडने माल विकणाऱ्यांवरच्या) जबाबदारीतून सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळलेत, असं मी वाचलंय. मग आम्ही नोंदणी करायची कशाला? दुकानवाल्यांना नुसतं उद्यम प्रमाणपत्र आणि लेटरहेडवर पत्र दिलं तर चालतं का? कोणी दिलंय का असं? मजकूर कसा होता?

दुसरं. एक किंवा दोन राज्यांत काम असेल तर नोंदणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, दोनपेक्षा जास्त असतील तर केंद्रीय मंडळाकडे, हे कळलं. आम्ही दोनच राज्यांत. पण ऑनलाइन ऑर्डरची चार पाकिटं इंदूरला गेली की तिसरं राज्य धरतात का?

आणि खरी गोची पाकिटाची. आतून चांदीसारखी चकाकणारी फिल्म आहे. पाकिटं छापणारा म्हणतो सगळं प्लास्टिकच, म्हणजे ईपीआरचा वर्ग दोन (लवचीक, फक्त प्लास्टिकच्या थरांचं पॅकेजिंग). सल्लागार म्हणतो धातूचा थर आहे, वर्ग तीन (प्लास्टिकसोबत दुसऱ्या पदार्थाचाही थर असलेलं). कोण बरोबर?

सातपूर-अंबडमधल्या कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा. एजंटांनी मेसेज करू नयेत.