पिरॅमिड नकोत, देवळं सांगा: कमी पैशातला इजिप्त

गिझाचे पिरॅमिड सगळ्यांनी पाहिलेत, निदान फोटोत तरी. हा धागा फक्त देवळांसाठी. कर्नाक, लक्सर, देंदेरा, अबिदोस, एडफू, फिले, अबू सिंबेल, आणि तीही सहल कंपनीची टोपी न घालता, क्रूझ न घेता, आपल्याच पैशांनी पाहिलेली. पैसे कुठे वाचले, कुठे फसलात आणि कोणती एक गोष्ट अगदी जवळून पाहिलीत, ते लिहा. ‘भव्य’ हा शब्द प्रत्येकाला एकदाच वापरता येईल.

सुरुवात मी करते. मी आणि धाकटी बहीण, ११ दिवस. मार्च २०२४ मध्ये इजिप्तचा पौंड गडगडला. डॉलरला ३१च्या आसपास होता तो ५०च्या घरात गेला. आम्ही त्यानंतरच्या थंडीत गेलो, त्यामुळे राहणं-खाणं स्वस्तात झालं. तिकिटांचं तसं नाही. परदेशी माणसाला वेगळा दर, आणि तो वरचेवर वाढतो. आमचा दिवसाचा तिकीटखर्च खोली आणि जेवणाच्या वर जायला लागला, तेव्हा तिसऱ्या दिवशी ठरवलं की देवळं निम्मी करायची आणि एकेका तिकिटाचा पैसा पुरता वसूल करायचा.

कर्नाकला सकाळी सहाला शिरलो ते दुपारी जेवायलाच बाहेर. खांबांच्या मंडपात १३४ खांब आहेत. घोळके यायचे, मान वर करून फोटो काढायचे, पुढे सरकायचे. तासाभराने आमच्या लक्षात आलं की उत्तरेकडची चित्रं दगडातून वर उठलेली आहेत आणि दक्षिणेकडची आत कोरलेली. पहिली सेती राजाची, दुसरी त्याच्या मुलाची, दुसऱ्या रामसेसची. वर उठवायची तर भोवतालचा सगळा दगड खरवडावा लागतो. पोराला तेवढा धीर नसावा. पण मला सगळ्यांत आवडला तो पहिल्या दरवाज्याच्या आतल्या बाजूचा मातीच्या विटांचा ढिगारा. दगड वर चढवायला केलेला उतार तो. बांधकाम अर्धवट राहिलं, उतार काढायचाही राहून गेला. आपल्याकडे इमारत उठली तरी वाळूचा ढीग गेटापाशी पडून असतो, अगदी तस्सा.

सोलापूरकर

ताई, तिकिटाच्या खिडकीवरच माझी वाट लागली होती, ते आधी सांगतो. आता बहुतेक ठिकाणी रोख घेतच नाहीत, कार्डच लागतं. माझ्याकडे डॉलर होते, पौंड होते, आणि कार्डावर परदेशातले व्यवहार मी चालूच करून ठेवले नव्हते. पाऊण तास उन्हात. शेवटी एका कोरियन पोराने त्याचं कार्ड लावलं आणि माझ्याकडून रोख घेतली. निघायच्या आधी दोन वेगवेगळी कार्डं चालू करून घ्या, बाकी काही विसरलात तरी चालेल.

आता देंदेरा. लक्सरहून केनापर्यंत रेल्वे, तासाभराचा प्रवास. पुढे मायक्रोबस. आपल्या वडापसारखीच, माणसं कोंबून. भाडं मागून पुढे हातोहात जातं आणि सुटे तसेच परत येतात. एक पैसा कमी नाही. आकड्यांनी मात्र घोळ केला. तिथे पूज्यासारखं गोल दिसतं ते पाच, आणि पूज्य म्हणजे नुसता ठिपका. मी पाटीवर शून्य वाचून खूश होत होतो.

तिथल्या हाथोर देवीच्या देवळाचं छत शतकानुशतकांच्या काजळीने काळं झालं होतं. ते साफ केलंय, आणि खालून असला निळा निघालाय की मान अवघडली तरी खाली घेववत नाही. आकाशाची देवी नूत संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी पुन्हा जन्माला घालते, ते सगळं छतावर आहे. आतल्या खोल्यांत काजळी अजून दिसते, त्यामुळे फरक कळतो. गच्चीवरच्या खोलीतलं राशिचक्र मात्र नक्कल. अस्सल १८२१ साली कापून फ्रान्सला नेलं, ते आता लूव्रमध्ये आहे. गच्चीच्या जिन्यात दोन्ही भिंतींवर पुजाऱ्यांची मिरवणूक कोरलीय, आपण त्यांच्याच बरोबर चढत राहतो.

अर्ध्या तिकिटवाली

विद्यार्थी असाल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र काढाच, तिकीट जवळजवळ निम्मं होतं. कॉलेजचं आयकार्ड खिडकीवरच्या माणसाच्या मूडवर चालतं. माझं दोनदा चाललं, तिसऱ्यांदा त्याने ते उलटंसुलटं करून बघितलं, देवनागरीतला शिक्का वाचायचा प्रयत्न केला आणि हसत परत दिलं.

लक्सरमध्ये नदी ओलांडायला मोटरबोटवाले मागे लागतात. त्यांच्याकडे बघायचंही नाही. गावकऱ्यांची फेरी असते, काही पौंडांत पलीकडे. पलीकडे सायकल भाड्याने घेतली. मेम्नॉनचे दोन पुतळे रस्त्याच्या कडेलाच आहेत, ते फुकट. तिथून मदिनत हाबू.

ह्या देवळात गर्दीच नव्हती! सगळे राजांच्या दरीत आणि हातशेप्सुतच्या देवळात. तिसऱ्या रामसेसने अक्षरं इतकी खोल कोरून घेतलीत की माझी चार बोटं आत गेली आणि वर जागा उरली. नंतरच्या कुठल्या राजाने त्याचं नाव खोडून स्वतःचं घालू नये म्हणून, असं म्हणतात. एका भिंतीवर लढाईनंतरचा हिशोब आहे. शत्रूच्या कापलेल्या हातांचा ढीग, आणि शेजारी कारकून उभा राहून मोजदाद लिहून घेतोय. मारामारीच्या चित्रांनी काही वाटलं नव्हतं. त्या कारकुनाकडे बघून पोटात कसंतरी झालं.

ठाणेकर (निवृत्त)

मी स्थापत्य अभियंता होतो, त्यामुळे मला अबू सिंबेल पाहायचे होते ते रामसेससाठी नव्हे, ते हलवले कसे यासाठी. आस्वानच्या धरणाचे पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात दोन्ही देवळे हजारावर तुकडे करून कापली आणि सुमारे ६५ मीटर वर पुन्हा जोडली. मागचा डोंगर खोटा आहे, आत काँक्रीटचा घुमट आहे.

आस्वानहून पहाटे चारला सामायिक मिनीबस निघतात. पावणेतीनशे किलोमीटर वाळवंट, तिथे जेमतेम दोन तास, की लगेच परत. स्वस्त पडते, पण माझ्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही उभयता एक रात्र तिथेच एका नूबियन कुटुंबाकडे राहिलो. सकाळी दार उघडताच आत गेलो, तेव्हा मोजून सहा माणसे होती. बसगाड्या आल्या आणि आम्ही बाहेर पडलो.

कापलेल्या सांध्यांच्या रेषा मी शोधत बसलो. चेहऱ्यांवर सहज सापडत नाहीत, मांडीपाशी नीट पाहिले तर दिसतात. आमच्या सौ.चे म्हणणे, ‘सांधेच बघायचे होते तर घरचे बाथरूम होते.’ गाभाऱ्यात चार मूर्ती बसलेल्या आहेत. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्याचे किरण आतपर्यंत पोचतात, पण प्ताह या देवावर पडत नाहीत. तो अंधाराशी संबंधित देव, त्यामुळे त्याला सावलीत ठेवले आहे. कोल्हापूरच्या किरणोत्सवाची आठवण झाली.

मी_चिडकी

बक्षिसाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? शब्द आपलाच, फारसीतून त्यांच्याकडेही गेलेला आणि आपल्याकडेही. फक्त आपल्याकडे बक्षीस मिळवायला पहिला नंबर लागतो, तिथे दोरी बाजूला केली की झालं. प्रत्येक देवळात एक रखवालदार ‘कम, कम’ करत अंधाऱ्या खोलीत नेतो, भिंतीवरच्या बाईकडे बोट दाखवून ‘क्लिओपात्रा’ म्हणतो आणि हात पुढे करतो. कर्नाकमध्ये मला तीन क्लिओपात्रा दाखवल्या. त्यातली एक बसलेला पुरुष होती.

सोलापूरकर

चिडू नका हो. त्यांचे पगार किती असतील? मी खिशात पाच-दहाच्या नोटा वेगळ्या ठेवायचो. देंदेराच्या तळघरात अशाच एका काकांनी नेलं, गुडघ्यांवर रांगत जावं लागतं. त्यांनी टॉर्च तिरका धरला आणि सपाट वाटणाऱ्या भिंतीतून ससाण्याचं एकेक पीस उठून दिसायला लागलं. तो तिरका उजेड मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. एकाने तर मला उलटं पैसे दिले, म्हणजे युरोची नाणी पुढे करून नोट मागितली. बँक नाणी बदलून देत नाही म्हणे.

दुबईतली कोकणकन्या

आम्ही आखातातले, चार दिवसांची सुट्टी मिळाली की स्वस्त विमान शोधतो. फिले बेटावर आहे, त्यामुळे देवळाचं तिकीट वेगळं आणि होडीचं भाडं वेगळं. होडीचं भाडं अख्ख्या होडीचं असतं, माणशी नाही. मला एकटीला धक्क्यावर जो आकडा सांगितला तो ऐकून मी सरळ चहा घेऊन बाकावर बसले. वीस मिनिटांत एक पोलिश जोडपं आणि दोन इजिप्शियन मास्तरणी जमल्या, भाडं पाचांत वाटलं गेलं. परतीची वेळ नाविकाशी आधीच ठरवा, नाहीतर तो अर्ध्या तासात हाका मारायला लागतो.

देऊळ मूळचं तिथलं नाही. आस्वानच्या आधीच्या, जुन्या धरणामुळे ते वर्षातले कित्येक महिने पाण्यात असायचं, मग १९७०च्या दशकात शेजारच्या बेटावर उभं केलं. भिंतीवर पाण्याच्या रेषेचा डाग अजून आहे, पुरानंतर आमच्या चिपळुणात घरांवर राहतो तसा. रोमन सम्राट हेड्रियनच्या दरवाज्यावर इसवी सन ३९४ चा चित्रलिपीतला लेख आहे, आजवर सापडलेल्यांत शेवटचा. कोरणाऱ्याचा हात काही फार चांगला नाही.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. कोशरी खा. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत कांदा. वाचायला भयंकर, खायला उत्तम.

नाशिककर

अबिदोसबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. बलियाना स्टेशनला उतरायचं, पुढे टॅक्सी. माझी परतीची गाडी चुकली आणि स्टेशनवर चार तास काढले, पण त्यात कोणाचा दोष नाही, मीच देवळात रमलो.

डोरोथी ईडी नावाची एक इंग्रज बाई १९५६ पासून १९८१ मध्ये मरेपर्यंत या गावात राहिली. पूर्वजन्मी मी इथल्या सेती राजाच्या देवळात पुजारीण होते, असं ती सांगायची. माझा यावर विश्वास नाही. पण दुपारी एकटा आत उभा असताना तिच्यावर हसू मात्र आलं नाही.

आत एका अरुंद वाटेत राजांची यादी आहे. सेती राजा उभा, पुढे त्याचा छोटा मुलगा, एका बाजूला केसांची बट, हातात पपायरसची गुंडाळी. बाप पूर्वजांना नैवेद्य देतोय, मुलगा नावं वाचतोय. ७६ नावं, शेवटचं स्वतः सेतीचं. हातशेप्सुत, अखेनातेन, तुतनखामुन गाळलेत, घराण्यातले नकोसे. आणि खालच्या तिसऱ्या ओळीत पूर्वज संपले म्हणून की काय, सेतीचंच नाव पुन्हा पुन्हा.

गेल्या वर्षी रामकुंडावर वडिलांचं श्राद्ध करताना गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं. मी आईकडे पाहिलं, आईने काकांकडे. शेवटी गावी फोन लावला.