रेफरन्सला मॅनेजरच हवा, हा हट्ट कशाला?

टेकडीवरची: परवा इथे एकांनी लिहिलं, 'नव्या नोकरीसाठी रेफरन्सला, म्हणजे आपल्या कामाबद्दल फोनवर सांगणारा माणूस म्हणून, रिपोर्टिंग मॅनेजरचंच नाव द्यावं, सहकाऱ्याचं दिलं तर कुठेतरी पाणी मुरतंय समजावं.' डोकंच फिरलं. ज्याच्या जाचाला कंटाळून नोकरी सोडायची, त्याच्याच हातात आपली मान द्यायची? माझ्या मैत्रिणीने चालू मॅनेजरचा नंबर दिला. ऑफर लेटर यायच्या आधीच नव्या कंपनीच्या व्हेरिफिकेशनवाल्यांचा (उमेदवाराची माहिती पडताळणाऱ्यांचा) त्याला फोन. ऑफर बारगळली आणि अप्रेझलमध्ये रेटिंगही पडलं. ज्याने आपलं काम जवळून पाहिलंय त्याचं नाव द्या: आधीच्या कंपनीतला लीड, क्लायंटकडचं कुणी. आणि आधी त्यांना विचारा, कुठल्या पदासाठी फोन येईल ते सांगा, सीव्ही पाठवा.

भरतीवाला: ते मीच लिहिलं होतं. सहकाऱ्याला फोन लावला की 'खूप मेहनती आहे, सगळ्यांशी जमतं' याच्यापुढे गाडी सरकत नाही. रात्री दोनला सर्व्हर बसला तेव्हा कोण थांबलं, हे मॅनेजरच सांगतो. आणि 'चालू' मॅनेजर असं मी कुठे म्हटलं?

हिंजवडी फेज टू: तुम्ही नाही म्हटलं, तुमचा फॉर्म म्हणतो! चालू कंपनी, मॅनेजर, त्याचा ऑफिसचा ईमेल. भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. नोकरीच्या तारखा तर पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत दिसतातच.

भरतीवाला: पीएफवरून तारखा कळतात, माणूस नाही कळत.

हिंजवडी फेज टू: तारखाही धड कुठे असतात? माझ्या जुन्या कंपनीने पीएफमध्ये एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, भरलीच नाही. 2020 पासून ती आपली आपल्याला भरता येते, पण शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने थांबून. तोवर नव्या ठिकाणी मी दोन नोकऱ्या करणारा ठरलो! वर नव्वद दिवसांची नोटीस आणि अडवलेलं रिलिव्हिंग लेटर (कंपनीने मोकळं केल्याचं पत्र). त्यावर बोला.

टेकडीवरची: नोटीस पिरियडचा विषय वेगळा आहे हो.

हिंजवडी फेज टू: वेगळा कसा? लेटर अडवणारा आणि रेफरन्स देणारा माणूस एकच!

भरतीवाला: आवाज खाली. चालू मॅनेजरला ऑफर स्वीकारल्यावरच फोन करावा, एवढं मान्य. पण आधीच्या नोकरीतला एक तरी वरिष्ठ हवाच.

टेकडीवरची: मग तो फॉर्ममधला सक्तीचा रकाना आधी काढा.