एस.वाय.लाच उन्हाळी संशोधनासाठी धावायचं का?

गच्चीवरची_बाई:
पुण्यातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. दिवाळीच्या आसपास मुलांची धांदल सुरू होते. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचा फॉर्म, शिवाय आयसर, आयुका, एनसीआरए या पुण्यातल्या संशोधन संस्थांमधल्या प्राध्यापकांना मेल. परवा एकीने दाखवला: साठ जणांना एकच मजकूर, फक्त नाव बदललेलं. यातल्या एकाचं तरी काम सांग म्हटलं, तर डोळ्यात पाणी. फार वाईट वाटलं.

एस.वाय.ला हे नको, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा हे बघा: गेल्या मे महिन्यात माझ्या चौघा मुलांनी पुठ्ठा, ॲल्युमिनियम फॉइल आणि पत्र्याच्या डब्याचा हॉर्न अँटेना, म्हणजे रेडिओ लहरी पकडणारा कर्णा केला. पहाटे तीनला आकाशगंगा डोक्यावर आली आणि लॅपटॉपवर १४२० मेगाहर्ट्झला छोटासा उंचवटा दिसला. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा, म्हणजे आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूतून येणाऱ्या रेडिओ लहरींची खूण! खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या असलं हायड्रोजन टिपतात, ते या मुलांनी गच्चीवरून पकडलं.

बारामतीची:
मॅडम, नाही पटलं. मी एस.वाय.नंतरच आठ आठवडे एका संस्थेत गेले. पहिले तीन आठवडे फक्त व्हॅक्यूमची गळती शोधली, म्हणजे हवा काढून घेतलेल्या यंत्रात हवा कुठून शिरते ते. एकेका जोडावर ॲसिटोन सोडायचं आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलतो का बघायचं. शेवटी जोड हवाबंद करणाऱ्या एका रबरी कडीवर, ओ-रिंगवर, केस सापडला, बहुतेक माझाच. आमच्या कॉलेजात प्रयोगाचं उत्तर सीनियरच्या जर्नलात आधीच असतं. न येणाऱ्या उत्तरामागे तीन आठवडे घालवतात, हे मला तिथेच कळलं. तुमच्यासारखी बाई प्रत्येक कॉलेजात नसते.

एक_पालक:
खर्चाचं कोणीच बोलत नाही. मुलाची निवड झाली, पण परीक्षा लांबली आणि जूनचा पहिला आठवडा गेला. स्टायपेंड शेवटी मिळणार, खोलीचं डिपॉझिट मात्र आधी. मोठ्या मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं, नाही जमलं. तो अजून त्याबद्दल बोलत नाही.

प्रयोगशाळेतला:
मला असे मेल रोज येतात. साठ जणांचा मेल दोन ओळींत ओळखू येतो. एका मुलाने मात्र विचारलं, ‘तुमच्या पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत एरर बार डावीकडेच मोठे का?’ (एरर बार म्हणजे मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेषा.) त्याला त्याच दिवशी बोलावलं. मार्क विचारलेसुद्धा नाहीत. आणि फक्त उन्हाळ्याकडे कशाला बघायचं? होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा संशोधनाचा कार्यक्रम पदवीच्या मुलांसाठीच आहे.

गच्चीवरची_बाई:
@बारामतीची, ओ-रिंगचं वाचून गप्प झाले. ते मी गच्चीवर देऊ शकत नाही, मान्य. तरी जागा मोजक्या. नकार आला की मुलं ‘आपल्याला फिजिक्स जमत नाही’ म्हणून मोकळी होतात. त्या मुलांसाठी भांडतेय मी.

बारामतीची:
मग बाहेरच्या कॉलेजच्या मुलांना मे महिन्यात तुमची लॅब उघडी ठेवाल?

गच्चीवरची_बाई:
किल्ली माझ्याकडेच असते. लॅब असिस्टंटची तेव्हा रजा असते, तेवढं प्राचार्यांशी बोलावं लागेल. सोमवारी बोलते.