मदत हवी आहे: ०.०१ मोलर सल्फ्युरिक आम्लाचा पीएच १.७० की १.८४?

भाची बारावीला आहे, आयनिक समतोलाचं प्रकरण चालू आहे. हायड्रोक्लोरिकची गणितं ती डोळे मिटून सोडवते: ०.०१ मोलर म्हणजे पीएच २, पीओएच १२, विषय संपला. गाडी अडलीय सल्फ्युरिकपाशी. गाइडमध्ये उत्तर १.७०, एका रेणूतून दोन हायड्रोजन आयन सुटतात, म्हणून संहती ०.०२, एवढंच कारण. क्लासच्या नोट्समध्ये मात्र १.८४, आणि खाली नुसतं ‘दुसरा विचरण स्थिरांक ०.०१२ घ्या’. घ्या म्हणजे कुठे घालायचा? आणि पेपरात कुठलं उत्तर लिहायचं? बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा लॉग टेबलने जमेल असं सांगा.

प्रतिसाद १

ताई, खऱ्याच्या जवळचं उत्तर १.८४. पहिला प्रोटॉन (म्हणजेच हायड्रोजन आयन) पूर्ण सुटतो, त्यामुळे ०.०१ हायड्रोजन आयन आणि ०.०१ बायसल्फेट (एक हायड्रोजन अजून धरून असलेला आयन) आधीच द्रावणात हजर. हे आधीचे हायड्रोजन आयनच दुसऱ्याला मागे रेटतात, म्हणून तो अर्धामुर्धाच सुटतो. सुटलेला भाग क्ष धरा:

(०.०१ + क्ष) × क्ष ÷ (०.०१ − क्ष) = ०.०१२

म्हणजे क्ष² + ०.०२२क्ष − ०.०००१२ = ०. ॲसेटिक आम्लात आपण क्ष नगण्य म्हणून सोडून देतो, तसं इथे करू नका. वर्गसमीकरण सोडवावंच लागतं. क्ष = ०.००४५. हायड्रोजन आयन एकूण ०.०१४५, बायसल्फेट ०.००५५, सल्फेट ०.००४५.

आता लॉग. ०.०१४५ म्हणजे १.४५ × १०⁻². टेबलात १.४५ चा लॉग ०.१६१४, तो २ मधून वजा केला की १.८४. ०.०१४५ चा लॉग बार २ (पूर्णांक भाग उणे २) लिहायच्या भानगडीत पोरं हमखास घसरतात, तिकडे जाऊच नये. २५ अंशांना पीओएच १२.१६. हायड्रॉक्साइडसाठी अँटिलॉग कशाला, १०⁻¹⁴ ला ०.०१४५ ने भागा: ६.९ × १०⁻¹³.

प्रतिसाद २

पेपरापुरतं सांगतो. दुसरा स्थिरांक दिला असेल तर वरची रीत. दिला नसेल तर ‘दोन्ही प्रोटॉन पूर्ण सुटतात असे मानून’ ही ओळ लिहायची आणि १.७० काढायचं. द्रावण पातळ होत गेलं की दोन्ही उत्तरं जवळ येतात: ०.००१ मोलरला २.७० आणि २.७३. ०.१ मोलरला मात्र गाइडच्या रीतीने ०.७० येतं, खरं ०.९६ च्या आसपास.